काट्यातले लाल फूल

बालमित्रांनो,

आज सुरुवात कोड्यानेच करू या.

अंगभर काटे, डोक्यावर केशर;
लहानपणी भाजी, मोठेपणी तेल;
राखण करते ज्वारीची,
सांगा पाहू मी कोण?

सोलापूर, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट इकडच्या मुलांनी उत्तर केव्हाच ओरडून सांगितले असेल. बरोबर, करडई! बोलताना आपल्याकडे कोणी 'करडी' म्हणते, कोणी 'कर्डी'. पुण्या-मुंबईच्या मुलांनी हिचे रोप पाहिले नसेलही, पण घाण्याच्या तेलाच्या दुकानात 'करडई तेल' अशी पाटी नक्की वाचली असेल. तीच ही.

करडई हे रब्बीचे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा, पण जमीन काळी आणि खोल. अशा जमिनीत करडईचे सोटमूळ खाली खाली जाते आणि दोन-दोन मीटर खोलीवरची ओल शोषून घेते. वर जमीन भेगाळलेली असते, तरी ही आपली हिरवीगार! झाड मोठे झाले की पानांच्या कडांना आणि बोंडाभोवती टोकदार काटे येतात. त्यामुळे गुरे तिच्या वाटेला जात नाहीत. म्हणून तर शेतकरी मालदांडी ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी लावत आले. कुंपणाचे कुंपण आणि पिकाचे पीक!

एकदा मी वर्गात फळ्यावर करडईचे चित्र काढले आणि विचारले, "हिचा कोणता भाग कशाला उपयोगी पडतो, सांगा." भराभर हात वर झाले. कोवळी पाने? भाजीला! लसूण घालून परतलेली करडईची भाजी आणि भाकरी, अहाहा! बी? तेलाला! तेल काढल्यावर उरलेली पेंड? गुरांना आणि खताला! काटे? राखणीला! वाळलेली काटकी? चुलीला! मग मी विचारले, "आणि फूल?" वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "फुलाचं काय बाई, वाळून गळून जातंय की!"

त्याचे म्हणणे खरे होते. त्याच्या शेतात तसेच होत होते. पण मित्रांनो, आपल्या शेतात जे वाळून गळून जाते, ते एका देशात पहाटे उठून वेचतात, सावलीत वाळवतात, तोलून विकतात आणि औषध म्हणून वापरतात. तो देश म्हणजे चीन. तिथे करडईच्या फुलाला 'होंगहुआ' म्हणतात. 'होंग' म्हणजे लाल आणि 'हुआ' म्हणजे फूल. साधेसरळ नाव, लाल फूल!

चीन म्हटले की सोलापूरकरांना पहिल्यांदा आठवतात ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते सोलापुरात जन्मले. जपानने चीनवर आक्रमण केले होते, तेव्हा १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनच्या मदतीला गेले. त्यात ते होते. तिथे त्यांनी रात्रंदिवस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचे निधन झाले. सोलापूरच्या भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. कधी गेला नसाल तर आईबाबांबरोबर जरूर जाऊन या.

डॉ. कोटणीस आधुनिक वैद्यक शिकलेले शल्यवैद्य होते. पण चीनमध्ये त्यांच्या आधीपासून दुसरीही एक वैद्यकविद्या नांदत होती आणि आजही ती आहे. आपल्याकडे जसा आयुर्वेद, तशी ही त्यांची जुनी औषधविद्या. तिथल्या औषधांच्या दुकानात भिंतभर लहान लहान लाकडी खण असतात. एका खणात मुळे, एकात साली, एकात बिया, एकात फुले. वैद्याने लिहून दिलेली चिठ्ठी पाहून दुकानदार एकेक वस्तू तोलतो आणि पुडी बांधून देतो. घरी नेऊन तिचा काढा करायचा. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानासारखेच झाले की हे! त्यातल्याच एका खणात असते आपली करडई.

आता गंमत पाहा. करडई मूळची चीनची नाही. तिचे मूळ गाव पश्चिम आशियाच्या बाजूला. इजिप्तमधल्या हजारो वर्षांपूर्वीच्या थडग्यांतून करडईच्या फुलांचे हार मिळाले आहेत. तिचे शास्त्रीय नाव आहे 'कार्थमस टिंक्टोरियस'. पहिला शब्द तिच्या अरबी नावावरून आला आणि दुसऱ्याचा अर्थ 'रंगाऱ्यांची'. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ती चीनमध्ये पोचली. सुमारे २,१०० वर्षांपूर्वी चांग छिएन नावाच्या राजदूताने तिचे बी पश्चिमेकडून आणले, असे चिनी लोक परंपरेने सांगतात.

चीनने तिला औषधात कधी घेतले? सुमारे १,८०० वर्षांपूर्वी चांग चुंगचिंग नावाचे एक थोर वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावे असलेल्या ग्रंथात हे लाल फूल मद्यात उकळून बायकांच्या पोटातल्या कळांवर देण्याची कृती आहे. पुढे ली शिचेन या वैद्याने २७ वर्षे खपून एक प्रचंड ग्रंथ लिहिला. तो १५९६ मध्ये छापून निघाला. त्यात सुमारे १,९०० औषधी द्रव्यांची माहिती आहे आणि त्यांतही आपले लाल फूल आहेच!

मग हे फूल चिनी वैद्य कशावर देतात? हे समजायला आपल्या मराठीतला एक छान शब्द उपयोगी पडेल : साकळणे. खेळताना तुम्हाला मुका मार लागतो. रक्त बाहेर येत नाही, पण दुसऱ्या दिवशी तिथे काळेनिळे दिसते. आजी म्हणते, "रक्त साकळलं गं!" चिनी वैद्यांचे म्हणणे असे, की असे साकळणे शरीराच्या आतही होते आणि जिथे रक्त अडते, तिथे दुखते. अशा वेळी रक्त हलते करणारे औषध द्यावे. करडईचे फूल त्या औषधांपैकी एक.

म्हणून मुका मार, मुरगळणे, सांधेदुखी, छातीत दुखणे, बायकांची अडलेली किंवा दुखणारी मासिक पाळी, अशा तक्रारींवर ते देतात. चिनी वैद्य प्रत्येक औषधाची चव आणि गुण सांगतात. आपल्याकडे नाही का, 'हे उष्ण पडतं, ते थंड पडतं' म्हणत? तसेच. करडईचे फूल त्यांच्या मते चवीला तिखट आणि गुणाने उष्ण. ते एकटे क्वचितच देतात. पीच नावाच्या फळाच्या बीतला गर आणि करडईचे फूल ही तर त्यांची ठरलेली जोडी. आणि मात्रा? चीनच्या सरकारी औषधकोशात ती दिवसाला ३ ते १० ग्रॅम अशी लिहून ठेवली आहे. मूठभर, चिमूटभर असा हिशेब नाही. वैद्याने ठरवायचे, दुकानदाराने तोलायचे. हा मुद्दा मनात ठेवा, आपल्याला पुढे तो लागणार आहे.

फुले वेचायचीही रीत आहे. तुम्ही ज्याला करडईचे एक फूल समजता, ते एक फूल नसतेच! सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचे हे भावंड. एका बोंडावर वीस-पंचवीसपासून शंभराच्या वर इवली इवली फुले दाटीने बसलेली असतात. ती उमलतात तेव्हा पिवळी असतात. मग नारिंगी होतात आणि सुकता सुकता लाल. चीनमध्ये पिवळ्याची लाल होऊ लागली की ती खुडतात आणि तेही सकाळी लवकर, दव असताना. कारण दवाने काटे मऊ पडतात. आपल्याकडचे शेतकरीसुद्धा करडईची काढणी भल्या सकाळीच करतात, त्याच कारणासाठी. दोन देश, भाषा वेगळी, पण काट्याने शिकवलेला धडा एकच!

"पण बाई, फुले खुडली तर बी कसे भरणार?" हा प्रश्न कोणाच्या तरी मनात आला असेल, त्याला शाबासकी. उत्तर असे, की फूल लाल होऊन मलूल पडते, तोवर त्याचे काम झालेले असते. आत बी धरलेले असते. तेव्हा वरची सुकलेली पाकळी काढून घेतली, तरी बी भरायचे थांबत नाही. म्हणजे त्याच झाडापासून पाकळीही मिळते आणि तेलही.

आता खरा प्रश्न. हे औषध खरेच गुण देते का?

एखादी गोष्ट जुनी आहे म्हणून ती खरीच असते असे नाही आणि जुनी आहे म्हणून खोटीच असते असेही नाही. आपल्याच करडईचे उदाहरण घ्या. आपल्या चरकसंहितेत वनस्पतींच्या तेलांमध्ये करडईचे तेल सर्वांत अहितकर म्हणून सांगितले आहे. संस्कृतात करडईला 'कुसुंभ' म्हणतात. आज मात्र आहारतज्ज्ञ करडईचे तेल चांगल्या तेलांत मोजतात. कारण त्यात 'लिनोलेइक आम्ल' हा शरीराला लागणारा घटक भरपूर असतो. म्हणजे ग्रंथ कितीही मोठा असो, पुढच्या पिढीने तपासून पाहावेच लागते.

चीनच्या शास्त्रज्ञांनीही हे फूल प्रयोगशाळेत नेले. त्यातल्या पिवळ्या रंगातून त्यांनी एक द्रव्य वेगळे काढले. तुम्हाला जखम झाली की थोड्या वेळाने रक्त थांबते, ते कशाने? रक्तातल्या अगदी सूक्ष्म चकत्या एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. त्यांना बिंबिका म्हणतात. करडईच्या फुलातले हे द्रव्य बिंबिकांचे चिकटणे कमी करते, असे प्रयोगशाळेत दिसले. म्हणजे 'रक्त हलते करणारे फूल' हे जुने बोलणे अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. चीनमधल्या रुग्णालयांत या फुलापासून केलेली इंजेक्शने हृदयरोग्यांना देतातही.

पण थांबा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत दिसले, म्हणजे माणसाचा आजार बरा झाला असे नाही. त्यासाठी पुष्कळ रोग्यांचे दोन गट करायचे. एका गटाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही किंवा नेहमीचे द्यायचे. मग दोन्ही गटांचे काय झाले ते लिहून ठेवायचे आणि तुलना करायची. असे मोठे, काटेकोर आणि पुन्हा पुन्हा केलेले प्रयोग या फुलाच्या बाबतीत अजून हवे आहेत, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. शोध चालू आहे, एवढेच आज प्रामाणिकपणे म्हणता येते.

आता पालकांनीही हा पुढचा भाग मुलांबरोबर वाचावा, अशी विनंती आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आजींना हृदयविकार आहे. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या म्हणतात ना, त्या. त्यांना एका पाहुण्याने लाल वाळक्या फुलांचे पाकीट आणून दिले. "चिनी औषध आहे, हृदयाला फार चांगलं. झाडपालाच आहे, त्यानं काय होतंय?" असे सांगून. मुलीने शाळेत येऊन मोठ्या आनंदाने सांगितले, "बाई, तुम्ही सांगितलेलं फूल आमच्या घरी आलंय! आजीला उद्यापासून काढा."

मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या आईला थांबवून घेतले आणि एवढेच म्हटले, "ताई, काढा करायच्या आधी हे पाकीट आणि आजींच्या गोळ्या दोन्ही डॉक्टरांना दाखवा." त्यांनी दाखवले. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं विचारलंत. गोळ्यांनी रक्त गोठणं आधीच कमी केलेलं आहे. त्यावर हे फूल म्हणजे एकाच कामाला दोन जण. आतून रक्तस्राव झाला असता तर?" पाकीट तसेच बंद राहिले.

पाहिलेत? पाहुण्याचा हेतू वाईट नव्हता. चुकीचे होते ते एकच वाक्य : "झाडपालाच आहे, त्यानं काय होतंय?" अहो, झाडपाल्याने काहीच होत नसेल, तर तो औषध कसला? आणि काही होत असेल, तर ते भलत्या वेळी, भलत्या माणसाला झाले की अपायही होणारच. ज्याच्या अंगी गुण आहे, त्याला मात्रा लागते. म्हणून तर चिनी दुकानदार तागडी हातात घेतो. चीनच्या त्याच औषधकोशात, मात्रा लिहिली आहे तिथेच, गरोदर बायकांना हे फूल जपून द्यावे, अशी सूचनाही आहे. ज्यांनी हे औषध शेकडो वर्षे वापरले, त्यांनीच ही सूचना लिहून ठेवली आहे, हे विसरू नका.

तर लक्षात ठेवा :

एक : कोणतेही फूल, पान, मूळ औषध म्हणून स्वतःच्या मनाने घ्यायचे नाही. ते चीनचे असो की आपल्या परसातले.

दोन : घरात कोणी गरोदर असेल, कोणाला रक्तस्रावाचा त्रास असेल, कोणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल किंवा कोणाची शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर करडईच्या फुलाचा काढा नको.

तीन : डॉक्टरांकडे गेल्यावर आपण घरी कोणता काढा, कोणते चूर्ण घेतो, तेही सांगायचे. पुष्कळ मोठी माणसे हे सांगायला लाजतात. तुम्ही आठवण करून द्या.

चार : छातीत दुखू लागले तर काढा उकळत बसायचे नाही. तडक दवाखाना गाठायचा.

आणि हो, हे ऐकून करडईच्या भाजीला घाबरू नका हं! भाजी पानांची, तेल बियांचे. ते आपले रोजचे अन्न आहे. आपण बोललो ते फुलाच्या औषधी काढ्याबद्दल.

या फुलाची आणखी एक भानगड आहे. वाळलेली लाल पाकळी दिसायला केशरासारखी असते. खऱ्या केशराची किंमत तर विचारूच नका! म्हणून लबाड व्यापारी केशरात करडईच्या पाकळ्या मिसळतात. चीनमध्ये तर केशरालाही 'पश्चिमेकडचे लाल फूल' असेच म्हणतात. ओळखायचे कसे? भिंग घ्या. केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होत जाते. करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी असते आणि तिच्या टोकाला पाच चिंध्या असतात. आईच्या डबीतले केशर एकदा तपासून पाहाच!

आता हाताला काम देऊ. आपले सोलापूर चादरींचे गाव, तेव्हा रंगाचा प्रयोग तर करायलाच हवा. जुन्या काळी आपल्याकडे करडईच्या फुलाने कापड रंगवत. 'कुसुंबी रंग' हा शब्द त्यातूनच आला. जपानी बायका ओठांना लावायचा लाल रंगही याच फुलापासून करत. त्याचे रहस्य असे, की या फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो. लाल साध्या पाण्यात विरघळत नाही, त्याला खार लागतो.

करून पाहा (मोठ्यांना जवळ बसवूनच) :

करडईच्या वाळलेल्या पाकळ्या दोन मुठी घ्या. बोंडावरून काढताना हातमोजे घाला, नाहीतर काटे टोचतील. पाकळ्या फडक्यात बांधून गार पाण्यात भिजवा आणि पिळा. पिवळे पाणी निघेल. ते टाका आणि पुन्हा नवे पाणी घ्या. पिवळेपणा बराच कमी होईपर्यंत असे पाच-सात वेळा करा. आता वाटीभर पाण्यात चमचाभर पापडखार विरघळवून त्यात त्या पाकळ्या तासभर ठेवा. पाणी तांबूस दिसू लागेल. ते गाळून घ्या. त्यात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बुडवा आणि वरून लिंबाचा रस थेंब थेंब सोडा. फसफस होईल, घाबरू नका. कापड त्यात काही तास राहू द्या. हळूहळू त्यावर गुलाबी छटा चढेल. पहिल्या खेपेला फिकी आली तर नाराज होऊ नका, पाकळ्या वाढवून पुन्हा करा. हा रंग उन्हात आणि धुण्यात विटतो, म्हणून तुकडा वहीत चिकटवून ठेवा. प्रयोगाचे पाणी कोणी प्यायचे नाही आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावायचे नाहीत.

आता शेवटची गोष्ट आणि ती थोडी काळजीची. तुमचे आजोबा लहान होते तेव्हा सोलापूर जिल्ह्यात करडई जितकी दिसे, तितकी आज दिसत नाही. भीमेवर उजनी धरण झाले, पाणी आले आणि पुष्कळ शेतांत ऊस उभा राहिला. बाजारात सोयाबीनचे आणि पामचे स्वस्त तेल आले. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. मग करडई मागे पडली.

पण तिच्यासाठी धडपडणारेही आहेत, बरं का! आपल्या सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्राने करडईचे 'भीमा' नावाचे वाण दिले. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. तिथे 'नारी-६' हे बिनकाट्याचे वाण तयार झाले. बिनकाट्याची करडई! म्हणजे काढणीही सोपी आणि फुले खुडणेही सोपे. त्याच संस्थेने पाकळ्यांचा चहा करण्याचेही काम केले. १९९३ मध्ये जगभरातले करडईचे अभ्यासक एका परिषदेसाठी जमले होते, ते कुठे, ठाऊक आहे? चीनची राजधानी बीजिंग इथे! त्याआधी १९८९ मध्ये ते आपल्या हैदराबादला जमले होते.

चिनी लोकांनी फुलाकडे पाहिले आणि बराच काळ तेलाकडे फारसे पाहिले नाही. आपण तेल आणि भाजी पाहिली आणि फुलाकडे पाहिले नाही. दोघांनी एकमेकांची वही पाहिली, तर दोघांचाही फायदा आहे. वाळून गळून जाणारी पाकळी शेतकऱ्याला चार पैसे जास्तीचे देऊ शकते. मात्र ती घेणारा व्यापारी आधी ठरलेला हवा आणि खुडायची मजुरी परवडायला हवी. हा हिशेब मोठ्यांनी मांडायचा आहे. पण तुम्ही तो त्यांना विचारू तर शकता!

तर या आठवड्याचा अभ्यास : घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा, "तुमच्या लहानपणी करडईच्या फुलाचं काय करायचे?" ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. त्यात औषध निघाले तर त्यापुढे तीन प्रश्न लिहा : किती द्यायचे? कोणाला द्यायचे नाही? गुण आला हे कसे कळले? उत्तर मिळाले नाही तर जागा कोरी ठेवा. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा ती भरायची आहे.

रंगवलेल्या कापडाचा छोटा तुकडा आणि आजी-आजोबांनी सांगितलेले उत्तर पाकिटात घालून जरूर पाठवा. वाट पाहते.

तुमच्या,
बाई